वहीची उलटी बाजू

आमच्या समोरच्या घरातल्या सुकलाल आप्पांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी तो उलटा करतात.

लग्नपत्रिका असो, लाइट बिल असो, डॉक्टरची चिठ्ठी असो. उलटा करायचा, मागच्या बाजूवरून उजव्या हाताचा अंगठा हळूहळू फिरवायचा, डोळे अर्धे मिटायचे, मान हलवायची आणि कागद परत द्यायचा. पुढे काय लिहिलंय ते विचारतही नाहीत. माझ्या भावासाठी एका मुलीचा फोटो आला होता. घरातल्या सगळ्यांनी तो बघितला, नाक, रंग, उंची यांवर मतं दिली. आप्पांनी उलटा करून अंगठा फिरवला आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, "कागद चांगला शे." ते स्थळ पुढे जमलं नाही, पण त्यात आप्पांचा दोष नाही.

माझ्या डिग्रीचंही त्यांनी हेच केलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई साड्यांना लेस लावून लावून डोळ्यांनी अधू झाली, वडील लूमवर उभे राहून कानांनी. त्यामुळे सर्टिफिकेट घरी आलं त्या दिवशी सुरतेत गोडादऱ्याच्या आमच्या गल्लीत पेढे वाटले होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. सगळ्यांनी ते हात धुऊन हातात घेतलं. आप्पांनी घेतलं आणि उलटं केलं.

"पुढे इतलं लिखेल शे," ते अंगठा फिरवत म्हणाले, "आन मांगे काहीच उमटनं नही?"

"आप्पा, ते छापील असतं."

"हां. मंग बरोबर शे."

काय बरोबर होतं ते मला समजलं नाही. तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत, बीकॉम म्हणतात. "ओ बीकॉम, आठे ये माय," म्हणजे इकडे ये. यात कौतुक किती आणि थट्टा किती, याचा हिशेब मी अजून लावतेय.

आता हे उलटं करण्याचं खूळ कुठून आलं ते सांगते. आप्पा मूळचे अमळनेरकडचे, आमच्यासारखेच. सुरतेत आल्यापासून ते एकच काम करतात. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या तारांचा तो मोठा रूळ, संपला की नवा बीम चढवतात. मग जुन्याचं एकेक टोक नव्याच्या एकेक टोकाला हातानं गाठ मारून जोडावं लागतं. अशी हजारो टोकं. आप्पा चिमटीला राख लावून बसतात आणि गाठी मारत सुटतात, बघणाऱ्याला बोटं दिसतच नाहीत. त्यातली एक तार जरी सुटली, तर पुढच्या सगळ्या कापडात उभी रेघ पडत जाते. ती रेघ कापडाच्या सुलट बाजूला चटकन दिसत नाही, उलटीकडे हाताला लागते. एवढी वर्षं हेच केल्यावर माणूस लग्नपत्रिकाही उलटी करणार, नाही तर काय करणार.

दुसरी त्यांची सवय जेवणाची. समोर माणूस बसल्याशिवाय त्यांना घास जात नाही. त्यांची बायको, आम्हा पोरांची आजी, होती तोवर ती बसायची. ती गेल्यापासून नात बसते, सोनल. सोनलची आई, रेखावहिनी, सकाळी आठलाच साडीच्या कामावर जाते, वडील सुरतेबाहेर सचिन नावाच्या गावी कारखान्यात असतात आणि रविवारी तेवढे घरी येतात. आप्पांचं खातं, म्हणजे लूमचा कारखाना, जवळच आहे. ते पावणेबाराला घरी येतात, सोनल ताट वाढते आणि समोर मांडी घालून बसते. बोलत काहीच नाहीत. एकदा ती मामाकडे गेली होती, तर आप्पा वाढलेलं ताट घेऊन गल्ली ओलांडून आमच्या दारात आले आणि माझ्या आईच्या समोर बसून जेवले. भाजी वाढू का म्हणून आईनं विचारलं, तर म्हणाले, "नको. तू फक्त बठ."

तर ही सोनल आठवीच्या परीक्षेत गणितात नापास झाली.

आमच्याकडे आठवीत नापास झालं की दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा देता येते. तीही गेली तर त्याच वर्गात. रेखावहिनीनं सरळ सांगून टाकलं, "परत नापास झाली तर माझ्याबरोबर लेस लावायला येईल. लहान पोरींमध्ये बसून लाज काढण्यापेक्षा ते बरं. बोटं चांगली चालतात तिची." वहिनी दुष्ट नाही. तिचं स्वतःचं तसंच झालं होतं, आणि तिला त्यात जगबुडी दिसत नव्हती. मला दिसत होती. मी म्हटलं, पोरीला मी शिकवते. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातून साडेपाचला घरी येते, तिथून रोज दीड तास.

आप्पा म्हणाले, आधी शाळेत जाऊन येऊ.

शाळेत बेननी, म्हणजे तिच्या वर्गशिक्षिकेनं, प्रगतिपत्रक पुढे केलं. आप्पांनी ते उलटं केलं. बेन गुजरातीत म्हणाल्या, "काका, आगळ जुओ ने, मार्क आगळ छे," म्हणजे पुढे बघा, मार्क पुढे आहेत. आप्पांनी अंगठा फिरवून पत्रक खाली ठेवलं आणि विचारलं, "बेन, तार कोनत्या वर्गात तुटनी?"

बेननी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं.

"काका, ती आठवीत नापास झाली."

"आठवीत रेघ दिसनी. तार मांगे कोठेतरी तुटेल शे."

बेन भल्या होत्या. त्या म्हणाल्या की मुलगी शांत आहे, वही नीटनेटकी असते, फक्त रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा येते, धापा टाकत. किती वेळा सांगितलं, ऐकत नाही. घरी परतताना मी सोनलला झापलं. म्हटलं, "बाराची शाळा आणि तरी उशीर? वेणी घालायला एवढा वेळ लागतो का गं?" तिनं पावलं भराभर उचलली. मी वेणी हेच कारण पक्कं धरून चालले.

मग आमच्या दोघांच्या पद्धतींची लढाई सुरू झाली, म्हणजे माझी आणि आप्पांची. माझी पद्धत सोपी होती. मी स्वतः अशीच पास झाले आहे. पुस्तकातली हमखास येणारी पन्नास गणितं काढायची, मी सोडवून दाखवायची, तिनं तीन-तीनदा करायची. आप्पा ओट्यावर बसून ऐकायचे आणि मध्येच विचारायचे.

"बीकॉम, तू शिकेल माणूस शे, सांग. भागाकारमा तो आकडा वरतून खाली काबर उतरवतस?"

"असंच असतं आप्पा. तशी रीत आहे."

"असंच असतं म्हननारा कारागीर आम्हना खात्यावर तीन दिवस टिकस नही."

मी त्यांना सांगितलं की मला शिकवू द्या. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी झोपताना मी मनात एक भागाकार मांडला आणि आकडा वरून खाली का येतो याचा विचार केला. मला उत्तर येत नव्हतं. तीन वर्षं अकाउंट्स शिकले, तो आकडा हजार वेळा खाली आणला, आणि आजवर त्याला कधी विचारलं नव्हतं की बाबा तू का येतोस.

आठवडाभरानं मी सोनलला दहा गणितं घरी करायला दिली. दुसऱ्या दिवशी सात बरोबर, तीन चूक. मी खूश झाले. वही आप्पांकडे दिली, मुद्दाम सुलट बाजूनं. त्यांनी उलटी केली. पान उचललं, मागून अंगठा फिरवला, थांबले, परत फिरवला. मग तीन ठिकाणी पेन्सिलीनं बारीक टिंब दिलं.

"ह्या तीन तिना शेत," ते म्हणाले. "बाकीना समदा तुना."

मी पान उलटून बघितलं. टिंबं होती ती बरोबर त्या तीन चुकलेल्या गणितांच्या मागे.

"आप्पा, तीच तर चुकली आहेत."

"चुकू दे. तठे हात घट्ट शे. पोर अटकनी, पन तिनी सोता करं. बाकी हात हलका शे. हलका हात म्हंजे नकल."

मी सोनलकडे बघितलं. तिनं चटईच्या काड्या मोजायला सुरुवात केली होती. खरंच होतं ते. सात गणितं माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली होती. मी पंधरा मिनिटं त्या पानाच्या मागून अंगठा फिरवत बसले, मला कागदाशिवाय काही लागलं नाही. माणूस सहीपुरतं लिहितो, आकडे तेवढे ओळखतो आणि गणिताची वही तपासतो. मी ती वाचून तपासते आणि फसते. यातलं शिकलेलं कोण, याचा जरा गोंधळच झाला.

"चालू लूमवर तार सापडस नही," आप्पा म्हणाले. "लूम बंद कर. मांगे जाय."

म्हणजे आठवीचं गणित थांबवायचं. परीक्षेला सहा आठवडे राहिलेले आणि हे म्हणतात मागे जा. मी वाद घातला. रेखावहिनी म्हणाली, "ताई, त्यांचं ऐकू नकोस, पोरीचं वर्ष जाईल." मलाही तेच वाटत होतं. पण ती तीन टिंबं माझ्या डोक्यातून जाईनात.

पुढच्या रविवारी सकाळी आप्पांनी माळ्यावरून एक गाठोडं काढलं. जुन्या चादरीत बांधलेल्या सोनलच्या पहिलीपासूनच्या सगळ्या वह्या. वहिनी दरवर्षी त्या भंगारवाल्याला द्यायला काढायची आणि आप्पा दरवर्षी परत माळ्यावर टाकायचे. कशाला ठेवता विचारलं तर म्हणायचे, "नमुना लागस." सूत विकणाऱ्याला जसा नमुना लागतो तसा.

ओट्यावर आम्ही दोघं बसलो. सोनल नळावरून पाणी भरत होती. आप्पांनी सातवीच्या वह्या घेतल्या, प्रत्येक पान मागून. "हलका." सहावी. "हलका." पाचवी, चौथी. "आठे बी हलका शे." मला ऊन लागायला लागलं होतं, पण उठवत नव्हतं. तिसरीच्या गणिताच्या वहीला शेवटून सुरुवात केली. हलका, हलका, हलका. मग अंगठा थांबला. एक पान मागे, एक पुढे, परत मागे.

"हाई देख. आठे घट्ट. आन आठेन हलका व्हयना. तार आठे तुटनी."

मी वही सुलट करून वाचली. माझं काम तेवढंच उरलं होतं. त्याआधीच्या पानांवर वेडंवाकडं, पेन्सिल रुतवून, खोडून खोडून लिहिलेलं. आणि त्या पानानंतर सुबक. सुबक म्हणून मीही त्याला शाबासकीच दिली असती. मग आणखी एक गोष्ट दिसली. त्या पानापासून पुढे रोज पहिली दोन गणितं नव्हतीच. दोन गणितांची जागा कोरी सोडलेली आणि थेट तिसऱ्यापासून सुरुवात. प्रत्येक पानावर.

"सोनल," मी हाक मारली, "तिसरीत पहिली दोन गणितं का नाही लिहिलीस गं?"

ती बादली घेऊन उभी राहिली. "ती बेन फळ्यावर समजावून द्यायच्या. पहिला तास गणिताचा होता."

"मग?"

"मी पोचलेली नसायचे ना तोवर."

"का?"

तिनं बादली या हातातून त्या हातात घेतली. आप्पांकडे बघितलं नाही. "आप्पांचं जेवण चालू असायचं," ती म्हणाली आणि आत गेली.

आप्पा वहीवर अंगठा ठेवून बसले होते.

"बीकॉम, कोनता महिना लिखेल शे?"

"डिसेंबर."

आजी त्या वर्षी दिवाळीनंतर गेली होती. मला आठवलं, त्यांनाही आठवलंच असणार. पहिले काही दिवस नातेवाईक होते, ते गेल्यावर आठ वर्षांची पोर ताटासमोर बसायला लागली. पावणेबाराला ताट, बाराला शाळेची घंटा. आप्पा सावकाश जेवतात. पाच वर्षं ती बसत होती आणि पाच वर्षं पळत शाळेत जात होती. कोणी तिला बस म्हणून सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कोणाला काही सांगितलं नाही. मी मात्र वेणीवरून तिला झापून आले होते.

"तार मीच तोडी," आप्पा म्हणाले. एवढंच. मग रविवार असूनही चप्पल घालून खात्याकडे निघून गेले.

तासाभरानं आले ते मूठभर वाया गेलेलं सूत घेऊन. दहा-दहा तारांच्या जुड्या बांधल्या, थोड्या तारा सुट्या ठेवल्या आणि म्हणाले, "तिसरीपासून." मी वाद घातला नाही. बहात्तर भागिले तीन. सात जुड्या आणि दोन सुट्या तारा, तीन जणांत वाटायच्या. सोनलनं प्रत्येकाला दोन जुड्या दिल्या. एक उरली. ती तिघांत जात नव्हती. ती जुडीकडे बघत राहिली, मी तोंड उघडणार होते, आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं. मग सोनलनं गाठ सोडली. दहा तारा मोकळ्या झाल्या, त्या तिनं दोन सुट्या तारांमध्ये मिसळल्या आणि बारा तारा चार-चार करून वाटून टाकल्या.

"म्हणून तो दोन खाली येतो," ती स्वतःशीच म्हणाली.

मी म्हटलं, "हो, म्हणूनच," जणू मला कॉलेजपासून माहीत होतं.

पुढचे पाच आठवडे आम्ही तिसरीतून आठवीपर्यंत आलो. कसे आलो ते मला नीट सांगता येणार नाही. कधी दोन दिवसांत अख्खी इयत्ता संपायची, कधी एका अपूर्णांकावर आठवडा जायचा. पुष्कळ राहूनही गेलं. रोज शेवटी आप्पा वही उलटी करायचे. "घट्ट" म्हणाले की दुसऱ्या दिवशी पुढे, "हलका" म्हणाले की तेच परत. चूक का बरोबर, हे ते विचारायचे नाहीत, तो माझा विषय.

जूनमध्ये परीक्षा झाली. निकालाचा कागद सोनलनं आप्पांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं उलटा केला, अंगठा फिरवला आणि थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना कागद परत सुलटा करताना बघितलं. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "छापेल शे, काही कळत नही. पुढे काय लिखेल शे?"

"पास आहे. काठावर, पण पास."

"काठ चांगला लागस साडीले," ते म्हणाले आणि आत गेले.

सोनल नववीला नव्या शाळेत जायला लागली. तीही बाराचीच. पहिल्याच दिवशी आप्पांनी जाहीर केलं, "मी आतेपासून खात्यावरच जेवसू. घर ते खातं, पाय दुखतस." वहिनी सकाळी डबा भरून द्यायला लागली. सोनल साडेअकराला निघायची. नव्या शाळेत ती एक दिवसही उशिरा गेली नाही. खात्यावर चार माणसं असतात, समोर कोणीतरी बसतच असेल, म्हणून मीही निश्चिंत झाले.

मग एका शनिवारी माझं डोकं फार दुखायला लागलं आणि मी दुपारीच ऑफिसातून घरी आले. बारा वाजून गेले होते. आप्पांचं दार अर्धवट उघडं होतं. आत ते डबा उघडून बसले होते, एकटे, भिंतीकडे तोंड करून. उजव्या हातानं भाकरी मोडत होते. डाव्या हातात तिसरीची ती वही होती, उलटी धरलेली, आणि डावा अंगठा पानावरून फिरत होता.

मी दारात उभी राहिले. त्यांनी वर बघितलं.

"खात्यावर जेवता ना तुम्ही?"

"खात्यावर गरम फार व्हस." मग म्हणाले, "तिले सांगू नको."

त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, डिसेंबरच्या आधीचं पान, पेन्सिल रुतवून लिहिलेलं. "देख. तिनी आजी व्हती तवय कितला घट्ट हात व्हता."

मी पान उलटून अंगठा फिरवला. खरं सांगते, तेव्हाही मला नीट काही लागलं नाही. लागल्यासारखं वाटलं, पण तो कागदाचा खरखरीतपणाही असू शकतो. आप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होते, घास तोंडात घालत नव्हते.

डोकं ठणकत होतं. घर समोरच होतं. मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या समोर, भिंतीला पाठ टेकून बसले.

आप्पा जेवायला लागले. फार सावकाश जेवतात.